दातांनी ऐकताना

विकणारा म्हणाला होता, फक्त बेल्ट बदला.
बदलला.
दुसऱ्याच दिवशी लाकडांनी भरलेली स्लेज ओढताना
खाडीच्या बर्फावर, ऐन मध्यावर,
स्नोमोबाइलने मान झटकली
आणि पोटातून आवाज आला, खट्.
मग बराच वेळ काही नाही. मग परत खट्.
मी वेग कमी केला तसा तोही दबकला,
आपलं पाऊल वाजलं म्हणून चोर थांबतो तसा.

लॅब्राडोरच्या या किनाऱ्यावर फेब्रुवारीत
बंद पडलेलं यंत्र सोडून कुणी चालत निघत नाही.

बोआझच्या शेडमध्ये तिचं मागचं टोक
दोराने आढ्याला टांगलं.
बोआझला पाच वर्षांपासून ऐकू येत नाही.
चाळीस हिवाळे इंजिनांपाशी वाकून
दोन्ही कान त्याने त्यांनाच देऊन टाकले.
तरी गाव त्याच्याचकडे येतं.
तो लांब स्क्रूड्रायव्हर घेतो,
टोक साखळीच्या डब्यावर टेकवतो,
मूठ दातांत धरतो,
डोळे मिटून मला खूण करतो: फिरव.

मी हाताने ट्रॅक फिरवते. एक फेरी. दोन.
तिसऱ्या फेरीत त्याच्या भुवया आखडतात,
घासात खडा लागावा तशा.

"साखळी सैल आहे," मी म्हणते,
ओठ नीट दिसतील असं.
"साखळी सैल झाली की बडबडते," तो म्हणतो.
"हे कुणीतरी दात आवळून बसलंय."

मला पटत नाही.
मी एकोणीस वर्षांची आहे आणि माझे कान शाबूत आहेत.
वाद नको म्हणून आधी सोपं सोपं बघून घेतो:
क्लचच्या दोन्ही तबकड्या गुळगुळीत,
आतली वजनं मोकळी हलतात,
ट्रॅक बोटभर झुकतो, जास्त नाही,
त्याला ओढणारे दाते झिजलेत, पण घसरत नाहीत.
मग उरतो तो डबा.

जुनं तेल काळं असतं. हे करडं होतं,
आणि आत चमक, ताज्या माशाच्या खवल्यांची.
बुचाच्या चुंबकाला लोखंडाची मिशी फुटलेली.
साखळीचा ताण अगदी बरोबर. मी गप्प.
खालचं बेअरिंग दोन बोटांनी हललं,
पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं.

आणि त्याच्याभोवती, जिथे बैठक झिजून रुंद झाली होती,
पत्र्याची एक पट्टी, दाटून बसवलेली.
मी पुसली.
आटवलेल्या दुधाच्या डब्यावरची निळी गाय,
मानेपाशी कापलेली.
कड कात्रीची नव्हती. वाकडी,
एकाच झोक्यात ओढलेली, उलू ओढतात तशी,
बायकांची ती अर्ध्या चंद्राची सुरी,
सीलचं कातडं सोलायची.

विकणाऱ्या योनासने शपथेवर सांगितलं होतं,
याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

बोआझचा अंगठा त्या कडेवरून फिरत राहिला.
"सबीना," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने,
"उलूची धार गेली असणार तिची."
कुठल्या खोपट्यात, कुठल्या रात्री,
मागच्या स्लेजवर पांघरुणात कोण निजलं होतं,
त्याला ठाऊक असेल.
मी विचारलं तेव्हा
तो माझ्या ओठांकडे बघत नव्हता.

नवं बेअरिंग गूज बेहून गुरुवारी येईल,
म्हणजे विमान उतरलं तर गुरुवारी.
एकशे चाळीस डॉलर, शिवाय भाडं.
"तोवर?"
त्याने पट्टीला तेलाचं बोट लावलं
आणि होती तिथेच परत ठोकली,
निळी गाय आतल्या बाजूला.

साखळी चढली, झाकण बसलं.
मग त्याने स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे दिला.
मुठीवर त्याच्या दातांच्या खाचा,
माझे दात त्यांत नीट बसेनात.
"फिरवतो," म्हणून तो वाकला.
मी डोळे मिटले.
पहिल्या फेरीत काही नाही.
दुसरीत नाही.
तिसरीत, जबड्याच्या सांध्याशी, खोल,
खडा.